निरंक

शासकीय कामकाजात 'निरंक' हा शब्द मोठा सोयीचा आहे. मासिक विवरणपत्रात तक्रारी, अपघात, अनियमितता या रकान्यांपुढे तो लिहिला की पाठविणारा सुटतो आणि वाचणाराही निश्चिंत होतो. अशी विवरणपत्रे वाचण्यात आमच्या आयुष्याचा बराच काळ गेला. त्यावरून एक प्रश्न आम्हांस नेहमी पडत आला आहे. जेथे चुकीची नोंद नाही, तेथे चूकच झाली नाही असे मानावे काय? दवाखान्यातील रात्रपाळीच्या संदर्भात हा प्रश्न कारभारापुरता राहत नाही. तो नीतीचा होतो.

आपल्या बुऱ्हाणपुरात १६३१ साली मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात मृत्यू पावली. साम्राज्याचे सारे वैभव उशाशी असून उपयोग झाला नाही. आज बाळंतपणातील रक्तस्रावावर ऑक्सिटोसिनसारखे औषध आहे. मात्र ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. समजा, एखाद्या ग्रामीण आरोग्य केंद्रात दुपारभर वीज नव्हती आणि शीतपेटी बंद होती. रात्री दूरच्या पाड्यावरून बाळंतीण आली. डॉक्टर घरी गेलेले, परिचारिका एकटी. बाळंतीण सुखरूप सुटली. सकाळी त्या परिचारिकेने शीतपेटीची गोष्ट नोंदवहीत लिहावी की 'निरंक' लिहून घरी जावे? पुढच्या रात्रीच्या बाळंतिणीचे भवितव्य या उत्तरावर अवलंबून आहे.

अमेरिकेतील वैद्यक संस्थेने १९९९ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या देशातील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावतात, असा अंदाज त्यात होता. आणि या चुकांचे मूळ बहुधा व्यक्तीच्या दुष्टपणात नसून कामाच्या सदोष रचनेत असते, असे प्रतिपादनही होते. पुढे कर्मचाऱ्यांना प्रश्नावली देऊन 'रुग्णसुरक्षेची संस्कृती' मोजण्याचे प्रयत्न वाढले. नॉर्वे, स्लोव्हेनिया यांसारख्या देशांत रात्री व सुटीच्या दिवशी चालणाऱ्या प्राथमिक उपचार केंद्रांतही अशी मोजणी झाली आहे. परस्पर सहकार्य, कामाची परिस्थिती, वरिष्ठांविषयीचा विश्वास, चुकांविषयी बोलण्याची मोकळीक अशा बाबींवर पूर्ण असहमतीपासून पूर्ण सहमतीपर्यंत पाचांपैकी एक उत्तर द्यावयाचे आणि त्यावरून शंभरपैकी गुण काढावयाचे, अशी ती पद्धत.

संस्कृती अंकांत मावते काय, ही शंका रास्त आहे. भ्यालेला मनुष्य प्रश्नावलीलाही 'सर्व ठीक' असेच उत्तर देणार. म्हणजे ज्या केंद्रात भय अधिक, तेथे गुणही अधिक पडावयाचे! म्हणून या मोजणीची पहिली अट नैतिक आहे. उत्तर देणाऱ्याचे नाव विचारू नये, आणि त्याच्या उत्तराचा उपयोग त्याच्याच गोपनीय अहवालात करू नये. ही अट पाळली नाही तर प्रश्नावली म्हणजे विवरणपत्रांत आणखी एका विवरणपत्राची भर.

मग दोषींस शासन नको काय, असे कोणी विचारील. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बालके मृत्युमुखी पडली. पुढे निलंबने झाली, बदल्या झाल्या, काहींची सेवा संपुष्टात आली. ज्यांची पोरे गेली त्यांना जाब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि क्षमेच्या नावाखाली तो कोणी हिरावून घेऊ नये. परंतु शिक्षा झाली म्हणजे दुसरा पाळणा सुरक्षित झाला, असे होत नाही. नजरचूक, बेपर्वाई आणि लपवाछपवी या तिहींना एकच दंड लावला, तर प्रामाणिक मनुष्य नजरचूकही लपवू लागेल. आमच्या मते सर्वांत कठोर शासन लपविण्यास असावे आणि सर्वांत मोठे अभय वेळेवर सांगणाऱ्यास.

हे अभय केवळ शासनाने द्यावयाचे नाही. रात्री रुग्ण दगावला की दवाखान्यावर चालून जाणारे, एकट्या परिचारिकेवर हात उगारणारे लोक आपल्यातलेच असतात. त्यांचे दुःख खरे असते, पण त्या भयाने पुढील दहा नोंदी 'निरंक' होतात.

आपल्या गावचा कुंडी भंडारा १६१५ सालचा. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत वाटेने नगराकडे आणणाऱ्या त्या रचनेत ठिकठिकाणी शंभरावर उभ्या कुंड्या खोदल्या आहेत. त्यांतून खालचा प्रवाह दिसतो, आत उतरता येते. दवाखान्यातही अशी तोंडे उघडी हवीत. जिल्ह्यातील प्रत्येक केंद्राच्या रात्रपाळीला वर्षातून एकदा तरी निनावी प्रश्न विचारले जावेत आणि जेथून सलग 'निरंक' येते, तेथे अधिकाऱ्याने शाबासकी न धाडता स्वतः जावे, तेही रात्री.