हरलेला डाव पुन्हा मांडू या



2024 च्या डिसेंबरमध्ये सिंगापूर येथे डी. गुकेश वयाच्या 18 व्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. आपल्या मुलांनीही पट मांडावा असे अनेक पालकांना वाटते, हे चांगलेच आहे. शिकवणी लावता येते, पुस्तके आणता येतात. पण या खेळात पुढे जाण्याचा एक मार्ग असा आहे, की ज्याला पैसे पडत नाहीत आणि तरीही तो फार थोड्यांना आवडतो. आपण खेळलेला डाव पुन्हा पटावर मांडायचा आणि आपण कोठे चुकलो हे प्रामाणिकपणे पाहायचे, हाच तो मार्ग.

मोठ्या स्पर्धांत खेळाडूला दोन्ही बाजूंच्या चाली कागदावर लिहाव्या लागतात. हरल्यावर आपण म्हणतो, 'वेळ अपुरा पडला', 'समोरच्याचे नशीब जोरावर होते'. कागद मात्र सांगतो, की एकविसाव्या चालीला आपल्या उंटाला जोर नव्हता आणि आपण ते पाहिले नाही. आज संगणक ही चूक क्षणात दाखवतो. पण ती का झाली, हे त्याला ठाऊक नसते. घाई होती, भीती होती, फुकटच्या प्याद्याचा लोभ होता, की समोरच्याला आपण कमी लेखले? हे फक्त आपल्या मनाला माहीत असते. म्हणून संगणकाला विचारण्याआधी आपण स्वतःला विचारले पाहिजे.

सोव्हिएत संघाचे जगज्जेते मिखाईल बोटविनिक आपल्या डावांचे परीक्षण छापून प्रसिद्ध करावे असे सांगत. हेतू हा, की त्यातील चुका इतरांनी दाखवाव्यात. 1960 साली 23 वर्षांच्या मिखाईल तालने त्यांचा पराभव केला. बोटविनिक पुन्हा अभ्यासाला बसले आणि 1961 च्या फेरसामन्यात, वयाच्या 49 व्या वर्षी, 13-8 अशा गुणांनी त्यांनी जगज्जेतेपद परत मिळवले.

हरलेला डाव तपासणे कठीण, पण जिंकलेला तपासणे त्याहून कठीण. आपली घोडचूक समोरच्याच्या लक्षात आली नाही म्हणून आपण जिंकलो, असे कितीदा तरी घडते. चूक तशीच राहते, वर विजयाचे पांघरूण पडते. आयुष्यातही असेच नाही का? जे उघडकीस आले नाही ते पाप नव्हेच, असे आपण धरून चालतो. मंदिरात गेलेल्या परुश्याचा डाव वरवर जिंकलेलाच होता. उपवास झाले होते, दशांश दिला होता. जकातदाराने मात्र आपला हरलेला डाव देवापुढे मांडला, आणि नीतिमान ठरून तोच घरी गेला.

सोळाव्या शतकातील स्पेनच्या संत तेरेजा यांनी 'परिपूर्णतेचा मार्ग' या ग्रंथात बुद्धिबळाचाच दृष्टान्त घेतला आहे. आपण ज्या मोहऱ्याला वजीर म्हणतो त्याला युरोपात राणी म्हणतात. तेरेजा सांगतात, की स्वर्गीय राजाला शह देणारी राणी म्हणजे नम्रता. नम्रता म्हणजे स्वतःला तुच्छ मानणे नव्हे. 'मला काहीच येत नाही' असे म्हणणारा खेळाडूही खरे बोलत नसतो. तो अभ्यासातून सुटका शोधत असतो. जेवढे आहे तेवढेच सांगणे, कमी नाही आणि जास्तही नाही, हीच नम्रता.

त्याच शतकातील संत इग्नेशियस यांनी आत्मपरीक्षणाची एक साधी रीत घालून दिली. एका वेळी एकच दोष धरायचा, आठवड्यातील प्रत्येक दिवसासाठी कागदावर रेघा आखायच्या आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके द्यायचे. मग आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहायची. चांगला खेळाडूही सर्व चुका एकदम सुधारू पाहत नाही. आधी घाई, मग डावाचा शेवट, असा एकेक दोष तो हाती घेतो.

पालकांना आमची एक विनंती आहे. मूल हरून घरी आले, की 'कितवा नंबर आला?' असे लगेच विचारू नका. जेथे चुकीला मार बसतो तेथे मूल चूक लपवायला शिकते, आणि लपवलेली चूक कधी सुधारत नाही. थोडा वेळ जाऊ द्या, मग शेजारी बसून म्हणा, 'चल, डाव मांडू या.' पतीपत्नींनीही भांडणानंतर असेच बसावे. मात्र समोरच्याच्या चाली मोजण्याआधी प्रत्येकाने आपली चाल सांगावी.

या आठवड्यात रोज रात्री पाच मिनिटे दिवसाचा डाव पुन्हा मांडू या. पापनिवेदनाला जाताना आपल्याजवळ सबबी नसतील, चालींचा खरा कागद असेल. तो वाचून देव आपल्याला पटावरून उठवत नाही, उद्याचा डाव देतो. प्रभू आपणा सर्वांना खरे पाहण्याचे धैर्य देवो.