किती रक्त गेलं?

प्रसूतिकक्षातल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, बाळाचं वजन ती ग्रॅममध्ये सांगेल आणि जन्माची वेळ मिनिटासकट सांगेल. वार पूर्ण पडली का, टाके घातले का, इंजेक्शन कधी दिलं, हे सगळं केसपेपरवर असतं. आईचं रक्त किती गेलं, या रकान्यात मात्र वर्षानुवर्षं एकच शब्द लिहिला गेला, ‘नॉर्मल’. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडच्या ग्रामीण रुग्णालयांत परिचारिका म्हणून माझी नोकरी गेली. त्या भागात डेअरीवर दूध मापात जरा कमी भरलं किंवा फॅट कमी लागली तर सकाळी सकाळी वाद होतो. त्याच घरातल्या बाळंतिणीचं रक्त आम्ही नुसत्या नजरेने जोखायचो. आमच्याकडेच असं होतं असं नाही, जगभरच्या प्रसूतिकक्षांत हीच रीत होती.

नजरेला खरं तर फारसं काही दिसत नाही. थोडं रक्त पॅडमध्ये जिरतं, थोडं चादरीत, थोडं टेबलाखालच्या बादलीत जातं. त्यात गर्भजल मिसळतं, लघवी मिसळते. काही पाठीखालच्या मेणकापडावर साचून राहतं आणि बाई कुशीवर वळेपर्यंत कळतच नाही. त्यातच सोबत आलेल्या आज्या-मावशांचा ठाम समज असतो, की हे घाण रक्त आहे, गेलेलं बरं. “जाऊ द्या ओ सिस्टर, अंगावरनं गेल्याबिगर पोट मोकळं कसं हुईल?” हे वाक्य मी फार ऐकलं. त्यात दुष्टावा नसतो. त्यांचं स्वतःचं अंगावरून गेलेलं असतं आणि त्या जगलेल्या असतात. ज्या जगल्या नाहीत, त्या सांगायला येत नाहीत.

शरीराची या वेळची रचना विलक्षण आहे. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. दिवस भरत येतात तेव्हा मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गर्भाशयाकडे वाहत असतं. वार सुटते तेव्हा त्या जागच्या रक्तवाहिन्या एकदम उघड्या पडतात. एवढा लोंढा नुसत्या गुठळीने थांबत नाही. गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, ते आवळले की मधून जाणाऱ्या वाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. म्हणून बाळंतपणानंतर सिस्टर पुन्हा पुन्हा पोटावर हात ठेवून पिशवी कडक आहे ना ते बघते. पिशवी सैल राहिली की रक्त सुरू. बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावाच्या दहातल्या सात प्रसंगांत कारण हेच असतं.

निसर्गाने दिलेलं ते जादा रक्त बहुतेकींना तारून नेतं, पण तेच आपल्याला फसवतंही. बरंच रक्त गेलं तरी नाडी आणि रक्तदाब बराच वेळ ठीक दिसतात, आणि ढासळतात तेव्हा एकदम ढासळतात. हा सगळा हिशेब अंगात पुरेसं रक्त असलेल्या बाईचा झाला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. हिमोग्लोबिन सात असलेली, पंचेचाळीस किलोची, शेतात राबणारी बाई पाचशे मिलिलिटर गमावते, तेव्हा तिचं जे जातं ते पुस्तकातल्या बाईच्या पाचशे मिलिलिटरएवढं नसतं.

एक मुलगी मला आठवते. दुसरी खेप, सुखरूप सुटका. नातलग बाळाला घेऊन बाहेर गेले, कुणीतरी पेढे आणायला पळालं. ती टेबलावर एकटीच, अगदी शांत. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, “सिस्टर, अंधारी आल्यागत हुतंय.” चादरीवरचा डाग बेताचाच होता. पोटावर हात ठेवला तर पिशवी सैल पडलेली, दाबल्यावर गुठळ्या बाहेर आल्या. पुढची धावपळ सांगत बसत नाही. रक्ताच्या पिशव्या चढल्या आणि ती वाचली. तिने तोंडाने सांगितलं म्हणून आम्हाला वेळ मिळाला. कितीतरी बायका सांगत नाहीत. आपण जास्तच कुरकुर करतोय असं त्यांना वाटतं.

अलीकडच्या वीस वर्षांत या विषयावर जे संशोधन झालं, त्याबद्दल मला म्हणूनच मनापासून आस्था आहे. त्याचा एक महत्त्वाचा धागा आमच्या शेजारच्या बेळगावात आहे. चंदगड-गडहिंग्लजची माणसं मोठ्या दुखण्याला बेळगाव गाठतात, त्याच बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांसोबत एक साधी वस्तू तयार केली. बाळ बाहेर आलं की आईच्या कमरेखाली सरकवायचं पारदर्शक प्लॅस्टिक, वरच्या बाजूला कमरेला बांधायचे बंद, खाली निमुळती पिशवी आणि त्या पिशवीवर मापाच्या रेघा. पडलेलं सगळं रक्त एका जागी जमतं आणि डोळ्यांसमोर मोजलं जातं. हे प्लॅस्टिक आणि नजरेचा अंदाज यांची तुलना २००६ साली प्रसिद्ध झाली. नजरेचा अंदाज मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे सहाशे मिलिलिटर गेलेलं असताना कागदावर चारशे लागणार आणि सगळे निर्धास्त राहणार.

त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांचा मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. १,६२० स्त्रिया, बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात, सोबतीला एएनएम, म्हणजे उपकेंद्राची परिचारिका. निम्म्यांना मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला, आणि एक लिटरच्या वरचा १.२ वरून ०.२ वर. या गोळीला फ्रिज लागत नाही, सुई लागत नाही. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिरक्तस्राव टाळण्यासाठी ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. पायी वाड्या-वस्त्या फिरणाऱ्या एएनएमनी मोजलेल्या रक्तावर जगाचा निर्णय उभा राहिला, याचा मला फार अभिमान वाटतो. आपल्याकडे त्यांची नावं कुणी घेत नाही.

मोजमाप झालं म्हणजे प्रश्न सुटला, असं मात्र नाही. युरोपातल्या तेरा देशांत ७८ प्रसूतिगृहांमध्ये पंचवीस हजारांहून जास्त बाळंतपणांवर रक्त जमवायची पिशवी वापरून पाहिली गेली. २०१० साली निष्कर्ष आला, की नुसत्या पिशवीने गंभीर रक्तस्राव लक्षणीय कमी झाला नाही. हा निकाल वाचून एखाद्याने पिशवी टाकूनच दिली असती. माझ्या अनुभवाला मात्र तो पटतो. आकडा कळला, तरी पुढे कुणी काय करायचं हे ठरलेलं नसेल, तर त्या आकड्याचा बाईला काय उपयोग? सिस्टर डॉक्टरांना फोन लावणार. डॉक्टर एक इंजेक्शन सांगणार, थोडा वेळ वाट बघणार, मग दुसरं सांगणार. तेवढ्या वेळात पिशवी भरत राहते.

ही गाठ २०२३ साली आलेल्या ‘ई-मोटिव्ह’ अभ्यासाने सोडवली. ब्रिटनच्या बर्मिंगहॅम विद्यापीठाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सोबतीने केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत तो केला. २,१०,१३२ स्त्रिया त्यात होत्या, सगळ्यांची बाळंतपणं योनिमार्गे झालेली. काही रुग्णालयांत मापाच्या रेघा असलेली पिशवी दिली, काहींत रेघा नसलेली. रेघांच्या रुग्णालयांत एक नियमही दिला. माप ठरलेल्या खुणेवर पोहोचलं की एकेक उपाय करत थांबायचं नाही. पोटावरून गर्भाशय चोळणं, ते आवळण्याचं औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, आणि रक्त नेमकं कुठून येतंय याची तपासणी, हे सगळं एकाच दमात. तरीही थांबलं नाही तर वरिष्ठांना हाक. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, असे प्रसंग नेहमीच्या पद्धतीत शंभरात ४.३ होते, ते इथे १.६ झाले. मृत्यूंची संख्या दोन्हीकडे थोडी असल्याने मृत्यूंबद्दल वेगळा दावा करता येत नाही, आणि तो करूही नये.

मला हलवून सोडणारा आकडा मात्र दुसराच आहे. नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत प्रत्यक्ष झालेल्या अतिरक्तस्रावांपैकी ५१ टक्केच ओळखले गेले. अभ्यास सुरू आहे हे माहीत असताना, मोठी रुग्णालयं असताना, निम्म्या बायकांचा रक्तस्राव कुणाच्या लक्षातच आला नाही. रेघांच्या पिशवीने हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेलं. यात नव्याने शोधलेलं औषध एकही नव्हतं. सगळी औषधं कपाटात आधीपासून होती, वेळेवर हातात येत नव्हती एवढंच.

त्यातल्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते १९६२ साली शोधलं. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या बायका वाचवायच्या, हाच उताकोबाईंचा ध्यास होता. तान्ही मुलगी पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करत. हे औषध बाळंतिणींवर पारखून पाहा असं त्या सांगत राहिल्या, पण स्थानिक प्रसूतितज्ज्ञांनी ते मनावर घेतलं नाही. दात काढताना, शस्त्रक्रियेत, पाळीच्या जादा रक्तस्रावात ते वापरलं गेलं. ज्यांच्यासाठी शोधलं त्यांच्यापर्यंत पोहोचायला पन्नासहून अधिक वर्षं लागली. एकवीस देशांतल्या २०,०६० स्त्रियांच्या अभ्यासाचा निकाल २०१७ साली आला, की तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर येतात. उताकोबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

हेच औषध रक्तक्षयी बाईला आधीच देऊन ठेवलं तर रक्तस्राव टळेल का, हेही मग तपासलं गेलं. पंधरा हजारांवर स्त्रियांच्या या अभ्यासाचं उत्तर २०२३ मध्ये मिळालं, नाही टळत. त्याच अभ्यासात एक जुनं सत्य ठळक झालं. मध्यम रक्तक्षयापेक्षा तीव्र रक्तक्षय असलेल्या बाईला मरणाचा किंवा मरणाच्या दारी जाण्याचा धोका कितीतरी पट जास्त. आयत्या वेळच्या सुईने नऊ महिन्यांची, खरं तर पौगंडापासूनची, उणीव भरून निघत नाही. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या मुलीच्या ताटात उरलेली आमटी असते, आणि तिच्या बाळंतपणाचा धोका तिथूनच सुरू होतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, प्रसूतितज्ज्ञ आणि सुईणींच्या जागतिक संघटनांसोबत, नवी मार्गदर्शिका काढली. आजवर पाचशे मिलिलिटरची रेघ धरून बसलेल्या जगाला तिने सांगितलं, की तीनशे मिलिलिटर गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला तर तेव्हाच उपचार सुरू करा. तीन लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी त्यामागे आहेत. जुन्या जाणत्या सिस्टर आम्हाला सांगायच्या, नुसतं रक्त बघू नका, बाईचं तोंड बघा. नव्या नियमात माप आणि बाईची अवस्था दोन्ही एकत्र आली, म्हणून तो मला पटतो.

आपलं राज्य या बाबतीत देशात पुढे आहे. २०१८–२० च्या नोंदींनुसार लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. एवढ्यावर समाधान मानायला माझं मन तयार नाही. उरलेल्या मृत्यूंमध्ये टळण्याजोगे किती, हा प्रश्न राहतोच. रात्री प्रसूतिकक्षात बहुतेक वेळा सिस्टरच हजर असते. खुणेची रेघ ओलांडली गेली तर डॉक्टरांची वाट न बघता सगळे उपचार सुरू करायचा लेखी अधिकार तिला हवा, प्रत्येक टेबलावर मापाची पिशवी हवी, आणि औषधांचा ट्रे तिथेच हाताशी हवा. कपाटाच्या किल्लीसाठी तिला धावावं लागता कामा नये. प्लॅस्टिकची एक पिशवी परवडत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

आणि ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे त्यांना सांगते. नाव नोंदवायला जाल तेव्हा हिमोग्लोबिन किती आहे ते विचारा, आणि बाळंतपणात रक्त कसं मोजता तेही विचारा. असं विचारण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. रक्तगट जुळणारी दोन माणसं आधीच सांगून ठेवा, नवऱ्याने त्यात मागे राहू नये. बाळ जन्मल्यावर सगळ्यांनी बाळामागे जाऊ नका. पहिले दोन तास आईजवळ एक जाणतं माणूस बसू द्या, आणि तिला घाम फुटला, घाबरल्यासारखं झालं, किंवा पॅड भराभर भिजू लागलं, तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा.