स्वधर्म आणि अनेक कला

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील 35 वा श्लोक सांगतो, की उणा वाटला तरी स्वधर्मच बरा. परधर्म कितीही नीट पाळता आला तरी तो भयावह. अठराव्या अध्यायात हाच विचार पुन्हा येतो. जन्मभर एकच काम करणाऱ्याला हा उपदेश लावणे सोपे आहे. पण जो माणूस पटकथा लिहितो, गाण्यांना चाली देतो, पुढे नाटकाकडे, तिथून आकाशवाणीकडे आणि दूरदर्शनकडे वळतो, त्याचा स्वधर्म कोणता मानायचा?

श्लोकाचा रूढ अर्थ वर्णाशी बांधलेला होता. अर्जुनाला युद्धाकडे वळवताना क्षत्रियाचे कर्तव्यच सांगितले आहे, हे नाकारता येत नाही. त्या अर्थाने कलावंताचे माध्यम बदलणे हा प्रश्नच उरत नाही, कारण काय करायचे ते जन्मानेच ठरलेले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली दाखवून दिले, की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. हा आक्षेप बाजूला सारून स्वधर्माविषयी आज प्रामाणिकपणे काही लिहिता येणार नाही.

संतांनी भर दिला तो कामामागच्या भावावर. आपले कर्म हीच ईश्वराची पूजा, हे ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातील प्रतिपादन प्रसिद्ध आहे. सावता माळी आणि गोरा कुंभार यांची चरित्रे त्याच विचाराची उदाहरणे म्हणून सांगितली जातात. कामाची प्रत त्याच्या जातीवरून न ठरवता ते कोणासाठी केले यावरून ठरवायची, असा हा बदल आहे. आणि एकदा तो मान्य केला, की एकाच माणसाच्या हातून अनेक कामे व्हायला अडचण राहत नाही.

मराठवाड्यात याचे उदाहरण शोधावे लागत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरला, म्हणजे जुन्या वाढोण्याला, परमेश्वराचे देऊळ आहे आणि महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. अशा यात्रांत आणि गावोगावच्या सप्ताहांत उभा राहणारा कीर्तनकार अभंग निवडतो, त्याचे निरूपण करतो, आख्यान रचतो, गातो आणि प्रसंगी त्यातली पात्रेही वठवतो. त्याचा खरा धर्म गाणे की बोलणे, असे कोणी विचारत नाही. अंबाजोगाईचे दत्तभक्त दासोपंत (1551–1615) यांनी गीतेवर ‘गीतार्णव’ ही प्रचंड टीका लिहिली, रागदारीत गायची पदे रचली आणि सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरणाच्या ओव्या लिहून काढल्या. पोथी, गाणे आणि कापड ही तिन्ही साधने त्यांनी एकाच उपासनेसाठी वापरली.

आधुनिक काळात हा प्रश्न पु. ल. देशपांडे (1919–2000) यांच्या कारकिर्दीत सर्वांत स्पष्ट दिसतो. ‘मोठी माणसे’ (1949) आणि ‘देवबाप्पा’ (1953) यांना त्यांनी संगीत दिले, अनेक चित्रपटांच्या कथा-पटकथा लिहिल्या, अभिनयही केला. ‘गुळाचा गणपती’ (1953) या चित्रपटात कथा, पटकथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका त्यांचीच होती. भीमसेन जोशींच्या आवाजातले, इंद्रायणीकाठच्या ज्ञानदेवांच्या समाधीचे प्रसिद्ध गीत याच चित्रपटातले; शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. लं.ची. त्यानंतर, नाव झालेले असताना, त्यांनी चित्रपटसृष्टी जवळजवळ सोडलीच. 1955 पासून ते आकाशवाणीत होते, आणि 1959 साली दिल्लीत दूरदर्शनचे प्रयोग सुरू झाले तेव्हा त्या सुरुवातीच्या काळात तिथे निर्माते होते. पुढे रंगमंचावर ‘वाऱ्यावरची वरात’ आणि एकपात्री ‘बटाट्याची चाळ’ आली.

बाहेरून पाहता हा माणूस सारखा घर बदलत होता. पण लिहिताना, पेटी वाजवताना आणि मंचावर बोलताना त्यांचे काम एकच होते: माणसांचे वागणे नेमके टिपून ते समोरच्या माणसांना आनंदाने परत देणे. स्वधर्म शोधायचा तो इथे. माध्यम हे केवळ त्याचे साधन. ‘तुझे आहे तुजपाशी’ (1957) या नाटकात त्यांनी याच प्रश्नाला हात घातला. त्यातले आचार्य विरक्तीचे आयुष्य जगले आहेत, पण ती विरक्ती त्यांच्या स्वभावातून उगवलेली नाही, हे नाटक पुढे सरकते तसे उघड होते. रसिक काकाजी भोगात राहूनही अधिक मोकळे ठरतात. संन्याससुद्धा परधर्म असू शकतो, हे मराठी रंगभूमीवर इतक्या सहजतेने क्वचितच मांडले गेले असेल.

गीतेची दुसरी कसोटी फळाची. प्रयोगांतून आणि पुस्तकांतून मिळालेल्या पैशाचा मोठा भाग पु. ल. आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई यांनी आपल्या प्रतिष्ठानामार्फत सामाजिक कामांना दिला. 1986 साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला त्यांचेच साहाय्य मिळाले. याला निष्काम कर्म म्हणावे की निव्वळ औदार्य, यावर वाद होऊ शकेल. पण मिळकतीला कलेवर राज्य करू द्यायचे नाही हा निश्चय त्यात होता, हे नक्की.

‘एक होता विदूषक’ (1992) साठी पु. लं.नी पुन्हा चित्रपटलेखन केले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, गीते मराठवाड्याच्या मातीतले कवी ना. धों. महानोर यांची आणि संगीत आनंद मोडक यांचे. तमाशातला सोंगाड्या आबुराव चित्रपटात जातो, तिथून राजकारणात ओढला जातो आणि त्याचे हसवणेच हरवते. आबुरावही, त्याला घडवणाऱ्या लेखकासारखाच, माध्यम बदलतो. फरक इतकाच, की त्याचा प्रत्येक बदल दुसऱ्यांनी ठरवलेला आहे आणि प्रत्येक वेळी फळ आधी समोर ठेवलेले आहे. परधर्म भयावह का, याचे उत्तर या कथेत शाब्दिक चर्चेपेक्षा अधिक नेमके मिळते.

एक अडचण मात्र उरते. पु. लं.ना चित्रपट सोडता आला, कारण शिक्षण, नोकरी आणि प्रतिष्ठा यांचे दरवाजे त्यांना उघडे होते. आबुराव ज्या फडातून आला, तिथल्या स्त्रियांपैकी अनेकींना घुंगरू जन्मानेच मिळालेले असत आणि ते उतरवून ठेवण्याची सोय समाजाने केलेली नव्हती. त्यांच्या बाबतीत स्वभावातून उगवलेल्या स्वधर्माची भाषा वापरण्याआधी आंबेडकरांच्या आक्षेपाला उत्तर द्यावे लागते, आणि ते गीतेच्या टीकेतून मिळत नाही. ते शाळा, जमीन आणि दुसरा रोजगार यांतूनच द्यावे लागते.