रिकामा कोण?

नवी ओळख झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न नावाचा आणि गावाचा असतो; दुसरा, 'आपण काय करता?' या दुसऱ्या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर नाही त्याच्यासाठी मराठीने राखून ठेवलेला शब्द मोठा निर्दय आहे. ज्याला काम नाही तो बेकार. आणि जे कोणत्याच उपयोगाचे नाही तेही बेकार. रस्ता बेकार, नाटक बेकार, माणूस बेकार. फारसीतून आला तेव्हा या शब्दाचा अर्थ 'कामावाचूनचा' एवढाच होता. पुढची निंदा आपण त्यात भरली. ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यात काही कस नाही, हा निवाडा आपल्या भाषेने कधीच देऊन टाकला आहे, आणि आपण तो रोज विनातक्रार वापरतो.

मीही वापरीत होतो. त्याचे भान मला एका सरकारी प्रश्नपत्रिकेने आणून दिले.

२०२४ च्या पावसाळ्यात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा एक तरुण अन्वेषक आमच्या नाशिकच्या घरी आला. देशातल्या श्रमबलाचे जे नियतकालिक सर्वेक्षण एप्रिल २०१७ पासून चालू आहे, त्यासाठी आमच्या वस्तीतली काही घरे निवडली गेली होती, त्यांत आमचे एक होते. शहरातल्या निवडलेल्या घराला तीन-तीन महिन्यांच्या अंतराने चार वेळा भेट द्यायची, अशी तेव्हाची रीत होती. अशा हजारो घरांतली उत्तरे गोळा होत आणि त्यांतून दर तिमाहीचा तो एक आकडा निघे, जो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कधी सरकारपक्ष अभिमानाने मिरवतो, तर कधी विरोधी पक्ष त्वेषाने नाचवतो.

घरात आम्ही तिघे. मी निवृत्त शिक्षक, माझी पत्नी, आणि माझा भाचा. एका कारखान्यातले त्याचे कंत्राटी काम संपले होते आणि चार महिन्यांपासून तो आमच्याकडे राहात होता. लेथवर हात बसलेला, शांत स्वभावाचा मुलगा. तो घरात असल्यामुळे माझ्या तोंडी एक वाक्य बसून गेले होते : "रिकामाच आहेस, तर तेवढे दळण घेऊन ये." दळणाच्या जागी कधी विजेचे बिल येई, कधी माझी औषधे. वाक्याचा पूर्वार्ध मात्र बदलत नसे.

अन्वेषकाने माझ्यापासून सुरुवात केली. मी निवृत्तिवेतनधारक, काम शोधीत नाही. म्हणजे मी श्रमबलाच्या बाहेर. पत्नीविषयी विचारले तेव्हा मीच उत्तर दिले, "ती घरीच असते." ती त्या वेळी स्वयंपाकघरात त्याच गृहस्थांसाठी चहा करीत होती. घरच्यापुरते शिवणटिपण करतात का, असे त्याने विचारले. मी हो म्हणालो. तीही श्रमबलाच्या बाहेर. मग भाच्याची पाळी आली.

"काय करता?"

"काही नाही."

"गेल्या सात दिवसांत एखादा तास तरी?"

भाच्याने आठवून सांगितले, "गुरुवारी मित्राच्या टेम्पोतली खोकी उतरवून दिली. दोनेक तास लागले असतील. तीनशे रुपये दिले त्याने."

अन्वेषक म्हणाला, "मग नियमाप्रमाणे तुम्ही कामावर होतात."

भाचा माझ्याकडे वळून हसला. "ऐकलंत ना, मामा? मी बेकार नाही."

ते हसणे मला बरेच दिवस पुरले. आधी आला तो संताप. सात दिवसांत दोन तास खोकी उतरवणारा मुलगा जर कामावर, तर कामावर नसलेला तरी कोण राहील? ही गणना की थट्टा? पण शिक्षकी पेशातल्या माणसाला रागावण्याआधी पुस्तक उघडून पाहण्याची खोड असते. ते पाहिल्यावर राग पूर्वीसारखा राहिला नाही.

एका तासाचा नियम काही दिल्लीतल्या कोणा चतुर अधिकाऱ्याने बेकारी लपवण्यासाठी काढलेला नाही. श्रमसांख्यिकांच्या १९८२ सालच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो स्वीकारला, आणि जगातले बहुतेक देश त्यालाच धरून मोजतात. त्यामागचा विचार असा : देशात जे जे उत्पादन होते त्यात ज्याचा ज्याचा हात लागला तो हिशेबातून सुटता कामा नये; आणि बेकारी म्हणजे कामाचा संपूर्ण अभाव. रेषा कोठे तरी ओढावीच लागते. दहा तासांवर ओढली तर नऊ तास राबलेला मजूर अदृश्य होईल. शिवाय आमच्या भाच्याची गोष्ट दोन तासांपाशी थांबली नव्हती. रोज किती तास काम केले, आणखी काम मिळाले असते तर करायची तयारी होती का, असेल तर किती तास, हेही त्या अन्वेषकाने विचारले होते आणि लिहून घेतले होते. म्हणजे खरी हकीकत कागदावर होती. ती पुढच्या तक्त्यांत होती, आणि आपण वाचतो फक्त पहिली ओळ.

आमच्या देशात हा धोका जाणत्यांनी फार पूर्वी ओळखला होता. महालनोबिसांच्या पुढाकाराने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पुढे बेकारीचे मापन कसे करावे हे ठरवण्यासाठी मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९७० साली तिने सांगितले की इथले श्रमिक इतक्या परींचे आहेत की त्यांचा हिशेब एका आकड्यात कोंबणे योग्य नव्हे. म्हणून १९७२-७३ पासून वर्षाचा, आठवड्याचा आणि दिवसाचा असे निरनिराळे मापदंड वापरात आले. तज्ज्ञांनी आपल्या हाती तीन आरसे दिले. आपल्याला मात्र एकच हवा होता, आणि तोही आपल्याला आवडणारे रूप दाखवणारा.

त्या एका आकड्याच्या मागे गेले की बुद्धी कशी चकते ते पाहा. वर्षाच्या मापाने २०१७-१८ साली देशातल्या बेकारीचे प्रमाण ६.१ टक्के होते. २०२३-२४ साली ते ३.२ टक्क्यांवर आले. त्याच काळात पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी श्रमबलात असलेल्यांचे प्रमाण २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेले. ही चांगली बातमी असू शकते. पण घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हात लावणाराही या हिशेबात कामावरच धरला जातो; तेव्हा यात किती स्त्रियांच्या हाती स्वतःची मिळकत आली आणि किती जणींच्या डोक्यावर दुसरे ओझे चढले, हे त्या एका आकड्याला विचारून कळत नाही. उलट दर वर्षीच्या अहवालात निरक्षरांपेक्षा शिकलेल्यांत बेकारी अधिक आढळते. याचा अर्थ निरक्षर सुखी आहेत असा नव्हे. बेकार राहायलाही ऐपत लागते. ज्याच्यामागे बापाचे घर, मामाची भाकरी आहे तो चांगल्या कामाची वाट पाहतो. ज्याच्यामागे काहीच नाही तो मिळेल ते करतो, आणि कामावर असलेल्यांत गणला जातो. भुकेने बेकारी हटते. पण त्याला रोजगार वाढला असे कोण म्हणेल?

तीन महिन्यांनी तोच अन्वेषक परत आला. मधल्या काळात भाच्यात एक बदल झाला होता. टेम्पोची हमाली त्याने सोडली होती. "त्यात पडलो तर लेथ विसरेन," असे म्हणून तो रोज सकाळी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वर्कशॉपांची दारे ठोठावीत फिरत होता. चेहऱ्यावर पुन्हा थोडे तेज आले होते. या खेपेला त्याने सात दिवसांत एक तासही काम केले नव्हते. साहजिकच तो बेकारांत लिहिला गेला. खचला होता तेव्हा कामावर; सावरला तेव्हा बेकार! पुढे पत्रके निघाली. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत शहरी बेकारी ६.४ टक्के होती. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येही ६.४ टक्केच. आकडा जागचा हलला नव्हता. आमच्या घरात मात्र पुष्कळ काही हलले होते.

यावरून आकडे व्यर्थ आहेत असे कोणी म्हणू लागेल तर मी त्याच्याशी भांडेन. जानेवारी ते मार्च २०२० या तिमाहीत शहरी बेकारी ९.१ टक्के होती आणि लगेच पुढच्या तिमाहीत, टाळेबंदीत, ती २१ टक्क्यांच्या घरात गेली. ती उडी कोणी मोजली नसती तर त्या दिवसांतले दुःख हळूहळू केवळ ऐकीव गोष्ट झाले असते. मोजणे ही समाजाने घेतलेली विचारपूसच आहे. पण विचारपूस करणारा 'कसे आहात?' म्हणून विचारतो आणि 'ठीक' हा पहिला शब्द ऐकताच पाठ फिरवतो, तसे आपण करतो. अन्याय व्याख्येत नाही. तिने 'काम झाले का?' एवढेच विचारले होते. 'हा माणूस धड जगतो आहे का?' या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपण ते खपवतो. आणि त्याहून वाईट म्हणजे 'हा माणूस कशाला लायक आहे का?' याचेही.

दुसरीकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण त्या तक्त्यात मीही होतो. आमच्या तिघांत खरोखर रिकामा कोण होता? सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप, संध्याकाळी गोदाकाठी फेरी. मी काम करीत नाही, शोधीतही नाही. तरी मला कोणी बेकार म्हणत नाही. मी 'निवृत्त' आहे, गल्लीत 'सर' आहे. २०१९ च्या कालविनियोग पाहणीत असे आढळले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, घरकाम करणारे पुरुष ९७. माझी बेरीज त्या ९७ च्या जवळपासही जात नाही. ती २९९ मिनिटे आणि वर आणखी काही जिच्या वाट्याला येतात, तिची बोळवण मी दोन शब्दांत केली होती.

म्हणून दुसऱ्या भेटीत मी आत हाक मारली आणि म्हणालो, "तुझे तूच सांग." ती पदराला हात पुसत आली, खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "मला विचारताय होय? मग ऐका." पहाटे पाचपासून तिने सुरुवात केली. अन्वेषकाने मान हलवीत सारे ऐकून घेतले, आणि अखेर नियमाप्रमाणे तिला पूर्वीच्याच रकान्यात घातले. त्याला दुसरा इलाज नव्हता. मला होता, चाळीस वर्षे होता.

पुढच्या वर्षी भाच्याला अंबडमध्ये लेथवर काम लागले. त्या दिवसापासून "रिकामाच आहेस, तर" हे शब्द माझ्या तोंडून गेले. दळण आता मी आणतो. शेजारीपाजारी म्हणतात, नोकरी लागली आणि मुलाचे घरातले वजन वाढले. खरेच आहे ते, आणि तेच मला टोचते. मुलगा तोच होता, हात तेच होते. ते शब्द मी त्याला काम लागण्याच्या आदल्या दिवशीच टाकायला हवे होते.