दुसऱ्याने शिकून भागते का?

शाळेतला कोणता विषय आवडायचा, कोणता नावडता होता आणि कोणत्या विषयाची आज खंत वाटते? हे तीन प्रश्न एकाच माणसाला विचारले तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुसऱ्याच्या आसपासच सापडते. पहिल्या दोन उत्तरांत मूल बोलत असते, तिसऱ्यात संसाराला लागलेला माणूस बोलतो. मग प्रश्न पडतो, की मुलाच्या नावडीला किती मान द्यायचा? ज्या विषयाची किंमत त्याला वीस वर्षांनी कळणार आहे, तो आज त्याच्या गळी उतरवण्याचा हक्क आपल्याला आहे काय?

आम्ही परभणी जिल्ह्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकलो आणि आज तशाच शाळांत शिकवतो. तारीख म्हणजे इतिहास आणि जुगराफिया म्हणजे भूगोल हे आमचे लाडके विषय, कारण त्यांत गोष्टी असायच्या. रियाजीची, म्हणजे गणिताची, भीती वाटायची. मुसल्लस, जाविया, निस्फ कुतर असे शब्द पाठ करावेत, तर अकरावीला गेल्यावर त्यांची इंग्रजी नावे नव्याने शिकायची. पण खरी धडकी भरायची ती मराठीच्या तासाला. बाकीच्या वह्या उजवीकडून उघडायच्या, ही डावीकडून. जोडाक्षरे, तीन लिंगे, 'ळ' आणि 'ण', आणि दोन उच्चारांचा एकच 'च'. पस्तीस गुण मिळाले की सुटलो, एवढाच हिशेब.

गंमत अशी की ही भाषा आम्हाला परकी नव्हतीच. आम्ही घरात जी दखनी बोलतो, तिच्यात दिवसभर 'नक्को' असते, ते मराठीच्या 'नको'चेच रूप. 'मैंच', 'वोइच' यांतला 'च' मराठीचाच. आणि मराठीत जमीन, कागद, शाई, वकील, फिर्याद, तारीख हे शब्द आमच्याकडून, फारसी-अरबीच्या वाटेने, गेलेले. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला, तो अशाच शब्दांच्या शोधातून. पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, हा भाग वेगळा. सांगायचे एवढेच, की जी भाषा बाजारात जिभेवर सहज येते, तीच वर्गात आली की परकी होते. म्हणजे नावड भाषेची नसते. ती भाषा कोणत्या वेषात समोर येते, यावर बरेच अवलंबून असते.

याचा दाखला आपल्याच मराठवाड्यात आहे, फक्त आरशासारखा उलटा. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई आणि राज्यातल्या माध्यमिक शाळांचे माध्यमही उर्दूच होते. मराठी घरातली मुले तेव्हा उर्दूकडे तशीच पाहत असतील, जशी आम्ही मराठीकडे पाहिली. सरकारची भाषा, परीक्षेची भाषा, आपल्याला कमी ठरवणारी भाषा. पण त्याच काळात निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी घडले. निजामाच्या नोकरीत राहून त्यांनी उर्दूवर मन जडवले आणि पुढे उर्दू कवितेची ओळख मराठी वाचकांना करून दिली. भाषा सत्तेच्या हाताने आली, तरी त्यांनी ती सत्तेची म्हणून टाकून दिली नाही. असे पगडी आपल्या बाजूने किती निघाले, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारायला हवा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विषयाची किंमत आवडीनिवडीवर ठरत नसेल, तर कशावर ठरवायची? येथे आम्हाला इमाम गजाली यांचा आधार वाटतो. ११११ साली त्यांचा इंतकाल झाला. 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये त्यांनी इल्मचे दोन भाग केले. फर्ज-ए-ऐन म्हणजे प्रत्येकाने स्वतः मिळवायचे ज्ञान. फर्ज-ए-किफाया म्हणजे गावातल्या काहींनी मिळवले तरी सर्वांची जबाबदारी फिटते असे ज्ञान. वैद्यक आणि हिशेब त्यांनी या दुसऱ्या भागात ठेवले. पण गावात एकही वैद्य नसेल तर दोष साऱ्या गावाचा, असेही बजावले. लोक फिकहच्या मागे धावतात आणि वैद्यक मुसलमानेतरांवर सोडून मोकळे होतात, अशी तक्रारही त्यांनी केली. नऊशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आजही शिळी वाटत नाही.

ही कसोटी शाळेच्या वेळापत्रकाला लावून पाहू. भूमिती नावडली, हरकत नाही. पूल बांधायला इंजिनिअर मिळतो. चित्रकला राहून गेली, थोडी खंत उरते, पण कुणाचे अडत नाही. हे विषय किफायाचे. मराठीचे मात्र आपल्या समाजाने नकळत तसेच करून टाकले. मोहल्ल्यात एखादा 'मराठी येणारा' असतो. तहसीलचा अर्ज तो लिहितो, सातबारा तो वाचून दाखवतो, ठाण्यातला जबाब तो समजावतो, दवाखान्यातल्या संमतीपत्रावर अंगठा कुठे ठेवायचा ते तोच सांगतो. तो भला असेल तर ठीक. पण जो आपल्यासाठी वाचतो, आपल्याला काय ऐकवायचे हेही तोच ठरवतो. आपल्या जमिनीचा फेरफार, आपल्या नावाची फिर्याद, आपल्या मुलाच्या ऑपरेशनचा कागद, यांत दुसऱ्याने शिकून भागत नाही. जेथे सही आपली, तेथे वाचनही आपलेच हवे. आम्ही येथे फतवा देत नाही, तो आमचा अधिकार नाही. पण व्यवहाराच्या हिशेबाने पाहिले, तर ज्या राज्यात राहायचे त्याची भाषा 'ऐन'च्या जवळ जाते.

यावर कोणी म्हणेल, मग उर्दू माध्यम हवेच कशाला? हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. मूल आपल्या भाषेत विचार करायला शिकले, तरच दुसरी भाषा नीट पेलते. उर्दूला मराठीच्या विरोधात उभे करणारे दोन्हीकडे आहेत आणि दोघांचेही नुकसान एकच आहे. शिवाय आणखी एक काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. ते म्हणजे आपले जगणे सांगणे. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच जाणिवेतून. आपल्या घरातले दुःख शेजाऱ्याला त्याच्या भाषेत आपण सांगितले नाही, तर ते दुसरे कोणीतरी सांगणार, आणि त्याला दिसेल तसे सांगणार.

उरतो प्रश्न लादण्याचा. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. कायदा तास ठेवू शकतो, गोडी ठेवू शकत नाही. बी.एड.ला पाठ टाचण लिहिताना उद्दिष्टांच्या रकान्यात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य यांच्यानंतर 'अभिरुची' लिहायची पद्धत आहे. हा शब्द बहुधा रकाना भरण्यापुरताच राहतो. खरे तर आमच्यासारख्यांची कसोटी तेथेच लागते. जनाबाईचा अभंग शिकवताना ती आपल्या गंगाखेडची, असे आधी सांगितले, तर वर्गातली मुले मान वर करून पाहतात. 'नक्को' फळ्यावर लिहून शेजारी 'नको' लिहिले, तर हसतात, आणि हसणाऱ्या मुलाला भीती वाटत नाही. ज्या विषयावाचून मुलाचे उद्या अडणार आहे, तो त्याच्यावर घालण्याचा हक्क आपल्याला आहे. पण तो गोड करून देण्याचे कर्ज फेडल्याशिवाय हा हक्क पुरा होत नाही.

मुलाची नावड खरी असते, तिला रागावून काही होत नाही. पण ती कुठून आली हे विचारणे शिक्षकाचे काम आहे, आईबापांचे आहे, मोहल्ल्याचेही आहे. तेवढे झाले तर आज आमच्या वर्गात बसलेल्या मुलांना वीस वर्षांनी तिसरा प्रश्न कोणी विचारला, तेव्हा उत्तरात चित्रकला यावी किंवा भूमिती यावी. आपलाच कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, हे उत्तर त्यांना द्यावे लागू नये.