परक्याचा चेहरा

जे कुरूप ते दुष्ट, असे आपणांस कोणी शिकविले? या प्रश्नाचा विचार करण्यास परग्रहावरील जीवांचे चित्रपट फार उपयोगी पडतात. कारण तेथे कलावंतापुढे जिवंत नमुना नसतो. जीव कसा दिसावा हे तोच ठरवितो, आणि आपण त्याच्यावर प्रेम करावे की त्याचा तिरस्कार, हेही बहुतांशी तेथेच ठरून जाते.

इटालियन कलावंत कार्लो राम्बाल्दी यांचेच पाहा. रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) मधील हिंस्र जीवाचे रूप कल्पिले स्विस चित्रकार एच. आर. गिगर यांनी, त्याचे यांत्रिक मस्तक राम्बाल्दींनी बनविले. पुढे स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई. टी.’ (१९८२) मधील जीवही त्यांनीच घडविला. दोन्ही कामांच्या ऑस्करमध्ये त्यांचा वाटा होता. हात एकच, पण एका जीवाला पाहून प्रेक्षक किंचाळले आणि दुसऱ्यासाठी रडले.

फरक सौंदर्याचा म्हणावा, तर ई. टी. मुळीच सुंदर नाही. सुरकुतलेली कातडी, लांबणारी मान, बसके शरीर! फरक आहे तो डोळ्यांचा. ‘एलियन’मधील जीवाला दिसतील असे डोळेच नाहीत, त्याने आपणांस पाहिले की नाही, हेही कळत नाही. ई. टी.चे डोळे मात्र मोठे व बोलके आहेत. (आपल्याकडील ‘कोई... मिल गया’ (२००३) मधील ‘जादू’लाही टपोरे डोळेच लाभले.)

येथे एक शंका मला छळते. परक्याला आधी आपल्यासारखे डोळे लावावयाचे व मग त्याच्यावर प्रेम करावयाचे, तर ते प्रेम परक्यावर झाले की स्वतःवर? आणि ज्याच्या मुखावर आपणांस ओळखीचे काहीच वाचता येत नाही, रोगाने ज्याचा चेहराच झिजला आहे, त्याच्या वाट्याला काय येणार?

टेड चियांग यांच्या १९९८ सालच्या कथेवरून डेनिस विलनव यांनी काढलेला ‘अरायव्हल’ (२०१६) हा चित्रपट मला म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटतो. त्यातील जीव सात पायांचे, प्रचंड, धुक्यात उभे; चेहरा असा नाहीच. त्यांना गोजिरवाणे करण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला आहे. भाषाशास्त्रज्ञ लुईस बँक्स त्यांच्यापुढे फळ्यावर ‘मानव’ एवढाच शब्द लिहून धरते. उत्तरादाखल शाईसारखी वर्तुळे उमटतात. नंतर ती संरक्षक पोशाख उतरवून पारदर्शक भिंतीवर तळहात टेकविते, आणि पलीकडून तो जीव आपला अवयव तेथेच टेकवितो.

चित्रपट संपेपर्यंत ते जीव सुंदर दिसू लागत नाहीत. निदान मला तरी दिसले नाहीत. भीती मात्र केव्हाच ओसरलेली असते.