काटकसर कोणाच्या खात्यातून?

घर कसे असावे याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात देवघर येते, ओसरी येते, अंगणातले वृंदावन येते; मोरी मात्र सहसा येत नाही. वस्तुतः संसाराचा रोजचा हिशेब मोरीत जितका उघडपणे दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसत असेल. कुटुंबाचे धुणे कोठे भिजते, कोण धुते, कोठे वाळते आणि त्याचे पाणी शेवटी कोठे जाते, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून त्या घराची शिस्त कळते आणि बऱ्याच अंशी नीतीही कळते. त्यातून घर भाड्याचे आणि पैसा बेताचा असेल, तर एक निराळाच प्रश्न पुढे येतो. जे आपले नाही आणि उद्या सोडून जायचे आहे, त्यासाठी आपण किती झिजावे?

इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदे येथील आपल्या जुन्या कुटुंबांत हा प्रश्न पूर्वी फारसा उद्भवत नसे. वाड्यात मागील दारी विहीर असे, धुण्याचा दगड असे, सोवळ्याचे वाळवण्यासाठी छताला टांगलेली दांडी आणि तिच्यापर्यंत पोचणारी काठी असे. जागा भरपूर आणि ती आपलीच. पुढे वाड्यांच्या वाटण्या झाल्या, मुले नोकऱ्यांच्या मागे गेली, आणि आमच्यासारखे सरकारी नोकर दर तीन-चार वर्षांनी परक्या घरात बिऱ्हाड मांडू लागले. वाड्यातील सवयी सोबत आल्या. वाडा मात्र आला नाही.

माझ्या बाबतीत घडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे विवेचन प्रामाणिक होणार नाही. 1994 साली निमाडातील एका गावी आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीण राहत. निवृत्त शिक्षिका, एकट्या. त्यांना आम्ही काकू म्हणत असू. मागील बाजूच्या मोरीत आमच्या पाच माणसांचे धुणे होई. काही महिन्यांनी फरशीच्या सांधी उघडल्या आणि पाणी मोरीच्या तोंडाकडे न जाता कोपऱ्यात मुरू लागले. मी गवंड्यास विचारले. सांधी भरून उतार नीट करण्याचे त्याने दीडशे रुपये सांगितले. माझी बदली लवकरच होईल, असा अंदाज होता. घर परके, मुक्काम थोडा. मग हा खर्च आपण का करावा, असा विचार करून मी गप्प बसलो. काकूंनाही सांगितले नाही, कारण सांगितले असते तर 'हे तुमच्या धुण्याने झाले' असे त्या म्हणतील, ही धास्ती होती.

बदलीचा हुकूम नऊ महिन्यांनी आला. सामान बांधून निरोप घ्यायला खाली गेलो, तेव्हा त्यांच्या कोठीच्या खोलीची भिंत प्रथमच पाहिली. छतापासून कमरेपर्यंत ओल उतरली होती, गिलावा फुगला होता, धान्याचे डबे खोलीच्या मधोमध ओढून ठेवले होते. त्यांनी अनामत रक्कम पूर्ण परत केली. मीच संकोचाने भिंतीचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "पावसाचंच पाणी असेल असं वाटलं हो मला. म्हणून बाहेरून सगळा गिलावा करून घेतला, दोन हजार गेले. पण ओल काही थांबली नाही." तेव्हाही मी खरे बोललो नाही. स्टेशनवर जाणारा टांगा दारात उभा होता, हे निमित्त मला पुरले.

या प्रसंगाने जे शिकवले ते समजायला मला बरीच वर्षे लागली. मी त्या वेळी स्वतःला काटकसरी समजत होतो. सरकारी हिशेबात ज्यांनी आयुष्य घालवले त्यांना ठाऊक असते की एका शीर्षाखाली दाखवलेली बचत पुष्कळदा दुसऱ्या शीर्षाखाली खर्च होऊन उगवते. माझे दीडशे वाचले नव्हते. ते दोन हजार होऊन काकूंच्या खात्यात पडले होते. ज्या काटकसरीची किंमत आपण स्वतः सोसतो ती सद्गुण होय. जिची किंमत न सांगता दुसऱ्यावर ढकलली जाते, तिला काटकसर म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

कायद्याने या बाबतीत काही सांगितलेले आहे. संपत्ती हस्तांतरण अधिनियम, 1882 याच्या कलम 108 चा आशय असा की, करारात वेगळे काही ठरले नसेल, तर भाडेकरूने घर जसे घेतले तसे परत द्यावे, वाजवी झीज तेवढी क्षम्य. त्याच्या हातून काही दोष उत्पन्न झाला आणि मालकाने तशी सूचना दिली, तर तीन महिन्यांत तो दोष दूर करावा. उलट जी दुरुस्ती मालकाने करायची ती सूचना देऊनही वाजवी मुदतीत त्याने केली नाही, तर भाडेकरूने ती करून भाड्यातून वळती करावी. या तरतुदींत न्याय आहे, परंतु त्या सगळ्या सूचनेवर उभ्या आहेत. मालकाला जे दिसतच नाही त्याची सूचना तो कशी देणार? तेथे कायद्याचे काम संपते आणि भाडेकरूच्या सचोटीचे सुरू होते. त्या सांधी भरण्याचा खर्च कदाचित काकूंचाच होता, कदाचित निम्मानिम्मा झाला असता. सांगण्याचे कर्तव्य मात्र सर्वस्वी माझे होते आणि त्याला एक पैसाही लागत नव्हता.

गेल्या वर्षी मुलीने इंदुरातच भाड्याने सदनिका घेतली. करारात पहिलीच अट होती की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. धुण्यासाठी मागची चार फूट बाय सहा फुटांची गॅलरी. "बाबा, थोडक्यात काय करता येईल ते सांगा," असे तिने म्हटले, तेव्हा मला ती कोठीची भिंत आठवली. आम्ही प्रथम कोरड्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतले आणि ते कोठे जाते ते पाहिले. ते कोपऱ्यात साचले. त्याच दिवशी जावयांनी मालकांना दूरध्वनी केला. आठवड्यात गवंडी आला. धुण्याच्या यंत्राखाली हादरे शोषणारे जाड रबरी ठोकळे ठेवले, म्हणजे खालच्या बिऱ्हाडाला रात्री त्रास नको. निचऱ्याची नळी नुसती सोडून न देता मोरीच्या जाळीत पट्टीने पक्की बांधली. दोरीऐवजी मिटणारा पोलादी घोडा आणला. मळके कपडे वेगळे काढण्यासाठी घरातल्याच तीन जुन्या टोपल्या वापरल्या. घर सोडताना यातले सारे सोबत नेता येईल आणि भिंतीवर एक छिद्रही मागे राहणार नाही.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागला. यंत्रातून निघालेल्या कपड्यांतही लिटर-दोन लिटर पाणी सहज असते. बंद खोलीत ते वाळत घातले तर ते पाणी हवेतून भिंतीत जाते, बुरशी धरते, आणि पुन्हा मालकाचाच गिलावा खर्ची पडतो. म्हणून पावसाळ्यात धुणे रोज थोडे आणि खिडकी उघडी, असा नियम केला. खळबळण्याचे शेवटचे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला घेतात. इंदूरला 1978 पासून नर्मदेचे पाणी येते. ते जलूदहून सुमारे 70 किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून आणावे लागते. आपल्या नळाचे बिल थोडे असले, तरी त्या पाण्याची किंमत थोडी नाही.

एक खाते मात्र आपण हटकून विसरतो, ते म्हणजे घरातल्या स्त्रीचे किंवा धुण्याभांड्याच्या बाईंचे शरीर. निमाडातल्या त्या मोरीत माझी पत्नी रोज तासभर उकिडवी बसून धूत असे. बादली ठेवायला चौरंगाएवढा उंचवटा करावा, असे ती म्हणाली होती. तोही खर्च मी परक्या घरासाठी नको म्हणून टाळला होता. घर परके होते, पण गुडघे परके नव्हते. ते आजही तिला जिना चढू देत नाहीत. मुलीच्या घरी पहिली खरेदी झाली ती कमरेइतक्या उंच तिपाईची, आणि वाळत घालणे-घड्या घालणे जावयांकडे व मोठ्या नातवाकडे आले.

यावर कोणी म्हणेल की मालक लोकही काही साधू नसतात. अनामत गिळणारे, गळके छत देऊन भाडे वाढवणारे पुष्कळ आहेत. हे खरे आहे, आणि ज्याची मिळकत तुटपुंजी आहे त्याने मालकाच्या भिंती आपल्या पैशाने राखाव्यात, असे मी म्हणत नाही. जो खर्च मालकाचा तो मालकाकडून मागून घ्यावा, प्रसंगी भांडून घ्यावा. पण उघड भांडण निराळे आणि मुकाट्याने पाणी मुरू देणे निराळे. पहिल्यात दुसऱ्याला उत्तर देण्याची संधी असते.

परीट समाजात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी (1876–1956) पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या. धर्मशाळेत कोणीच मालक म्हणून उतरत नाही. तरी सकाळी निघताना जागा झाडून निघावे, एवढी अपेक्षा प्रत्येकाकडून असते, कारण संध्याकाळी दुसरा कोणी येणार असतो. भाड्याच्या घराचा धर्म याहून फार निराळा नसावा.

काकूंना मी दोन वर्षांनी पत्र लिहिले आणि सोबत मनिऑर्डर पाठवली. ती 'घेणारा हयात नाही' असा शेरा होऊन परत आली. ते पैसे मी दुसरीकडे दिले, पण तो जमाखर्च मिटला असे मला आजही म्हणता येत नाही. म्हणून नवे घर घेणाऱ्या तरुण मंडळींना एवढेच सांगावेसे वाटते की सामान लावण्याआधी मोरीत तांब्याभर पाणी ओतून पाहावे, आणि ते भलतीकडे गेले तर त्याच दिवशी खाली जाऊन सांगावे.